अंधाऱ्या मेघांचा शोधक : एडवर्ड एमर्सन बार्नार्ड

पावसाळी ढग येण्यापूर्वीं, वैशाखाच्या अखेरीस, गांवच्या दिव्यांपासून दूर जाऊन मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिलें असतां वृश्चिक राशीची वांकडी नांगी व तिच्या वरच्या अंगास तांबूस ज्येष्ठा तारा सहज ओळखूं येतो. त्याच्या पूर्वेस आकाशगंगेचा दुधाळ पट्टा पसरलेला असतो. हा पट्टा लक्षपूर्वक पाहणारास एक गोष्ट दिसून येईल, ती ही कीं, तो सर्वत्र सारखा उजळ नसून त्यांत मधून मधून काळे डाग, भेगा आणि ओहोळ आहेत. हे डाग म्हणजे काय? तेथें तारे मुळींच नाहींत, कीं तारे असून त्यांच्या आड कांहीं आलें आहे? प्रश्न लहान मुलानें विचारावा इतका साधा आहे. परंतु त्याचें खात्रीचें उत्तर मिळण्यास मनुष्यजातीस विसाव्या शतकापर्यंत थांबावें लागलें. ज्या पुरुषानें आपल्या आयुष्याचीं तीसांहून अधिक वर्षें ह्या प्रश्नाच्या पाठीमागें घालविलीं आणि ज्यानें दिलेल्या क्रमांकांनींच ते डाग आज ओळखले जातात, त्या एडवर्ड एमर्सन बार्नार्डचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

बार्नार्डचा जन्म अमेरिकेच्या टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल शहरीं ता. १६ डिसेंबर १८५७ रोजीं झाला. जन्मापूर्वींच त्याचें पितृछत्र हरपलें होतें. एलिझाबेथ जेन हें त्याच्या आईचें नांव. ती मेणाचीं फुलें करून विके आणि त्यावर आपला व दोन मुलग्यांचा चरितार्थ चालवी. त्यांतच १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व नॅशव्हिल शहर त्या धुमाळींत सांपडलें. सैन्याचा तळ, अन्नाची टंचाई आणि मागाहून पटकीची सांथ, अशा दिवसांत हें पोर वाढलें. पटकीनें त्यालाही गांठलें होतें. पण दैव बलवत्तर म्हणून तो वांचला. शाळेंत तो लहानपणीं दोन महिने काय तो गेला. अक्षरओळख झाली ती आईजवळ, बायबलाच्या पानांवर. उन्हाळ्याच्या रात्रीं एका जुन्या गाडीवर उताणें पडून तो वरचे तारे पाहत राही. माथ्यावर येणारा एक तेजस्वी तारा त्याच्या विशेष ओळखीचा झाला होता. त्याचें नांव अभिजित् हें त्याला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

घरांत दोन वेळां चूल पेटावी म्हणून वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास आईनें त्याला गांवांतील एका फोटो काढणाराच्या दुकानीं कामास ठेविलें. त्या काळीं विजेचे दिवे नव्हते. लहान फोटोवरून मोठा फोटो करावयाचा असल्यास सूर्याचाच प्रकाश वापरावा लागे. ह्यासाठीं दुकानाच्या छपरावर एक भला थोरला कॅमेरा बसविला होता व त्यास ज्युपिटर, म्हणजे गुरु ग्रहाचें नांव दिलेलें होतें. सूर्य पुढें सरके तसतसा हा कॅमेरा चाकें फिरवून त्याच्या रोखानें ठेवावा, हें ह्या मुलाचें काम. त्याच्या आधीं ठेविलेलीं मुलें उन्हांत बसून पेंगत. बार्नार्ड पेंगत नसे. सूर्यावर नजर ठेवितां ठेवितां त्याच्या ध्यानांत आलें कीं, घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा नेहमीं जुळत नाहींत. वर्षाच्या कांहीं दिवसांत सूर्य थोडा आधीं माथ्यावर येतो, कांहीं दिवसांत थोडा उशिरां. ज्योतिष्यांस ही गोष्ट फार पूर्वींपासून ठाऊक आहे. परंतु ह्या मुलाला ती कोणीं सांगितली नव्हती. रात्रीं घरीं परततांना त्याला एक पिंवळसर तारा दिसे, तो इतर ताऱ्यांमधून हळूहळू सरकत असल्याचेंही त्यानें असेंच आपल्या डोळ्यांनीं ताडिलें. तो शनि होता. आकाशांतील वस्तूच्या मागोमाग यंत्र हळूहळू फिरवीत राहणें, हेंच ज्याचें पुढें जन्माचें काम व्हावयाचें होतें, त्यानें त्याचा पहिला धडा असा छपरावरच्या उन्हांत गिरविला.

त्या दुकानांत त्यानें सुमारें सतरा वर्षें काढलीं. भिंगें कशीं पारखावीं, रसायनें कशीं मिसळावीं, अंधाऱ्या खोलींत कांचेवरचें चित्र कसें धुवावें, हें सर्व तो हातानें करून शिकला. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं एका ओळखीच्या मनुष्यानें त्याच्याकडून दोन डॉलर उसने घेतले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेविलें. पैसे काहीं परत आले नाहींत. परंतु तें पुस्तक टॉमस डिक ह्या स्कॉटिश ग्रंथकाराचें ज्योतिषावरील निघालें व त्यांत ताऱ्यांचे नकाशे होते. बार्नार्डनें ते नकाशे खिडकींतून दिसणाऱ्या आकाशाशीं ताडून पाहिले, आणि लहानपणापासूनच्या ओळखीच्या ताऱ्यांचीं नांवें त्याला एका रात्रींत कळलीं. दोन डॉलर बुडाल्याचें त्याला पुढें कधींही वाईट वाटलें नसेल, असें आम्हांस वाटतें.

मग दुर्बिणीचा ध्यास लागला. कागदाच्या नळींत एक लहानसें भिंग बसवून आरंभ झाला, आणि लौकरच त्यानें पांच इंची भिंगाची एक चांगली दुर्बीण ३८० डॉलर देऊन विकत घेतली. ही रक्कम त्याच्या वर्षाच्या मिळकतीच्या सुमारें दोन तृतीयांश होती! १८७७ सालीं नॅशव्हिल येथें अमेरिकन शास्त्रज्ञांची परिषद भरली. तीस सायमन न्यूकम हा विख्यात ज्योतिर्गणिती आला होता. आपल्या दुर्बिणीनें आपण शास्त्राची कोणती सेवा करूं शकूं, असें ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणानें त्याला भीत भीत विचारलें. गणित येतें काय, असें न्यूकमनें विचारलें. येत नाहीं असें कळतांच, गणितावांचून ह्या शास्त्रांत गति नाहीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. बार्नार्ड डोळ्यांतून पाणी काढीत बाहेर आला, असें म्हणतात. परंतु घरीं गेल्यावर त्यानें दुर्बीण विकली नाहीं. तुटपुंज्या पगारांतून पैसे देऊन त्यानें शिकवणी ठेविली, दिवसां दुकान, संध्याकाळीं गणित आणि रात्रीं आकाश, असा क्रम चालू केला. जें ऐकून डोळ्यांत पाणी आलें, तें खोटें नव्हतें हें त्यानें ओळखलें. ह्यांतच त्याचा मोठेपणा आहे.

१८८१ सालीं त्याचें ऱ्होडा कॅल्व्हर्ट ह्या इंग्लंडांतून आलेल्या मुलीशीं लग्न झालें. तिनें त्याच्या आजारी आईची शुश्रूषा केली आणि पुढें चाळीस वर्षें त्याच्या जाग्या रात्रींचा संसार सांभाळिला. ह्याच सुमारास रॉचेस्टर येथील वॉर्नर नांवाच्या औषधांच्या धनाढ्य व्यापाऱ्यानें नवीन धूमकेतु शोधून काढणारास दोनशें डॉलरचें बक्षीस ठेविलें होतें. बार्नार्डनें त्याच वर्षीं एक धूमकेतु शोधून हें बक्षीस मिळविलें व त्या भरंवशावर एक लहान घर बांधावयास घेतलें. कर्जाचा हप्ता जवळ आला कीं काळजी वाटे. आणि बहुधा त्याच वेळीं आकाशांत एखादा धूमकेतु त्याच्या दुर्बिणींत सांपडे. ह्यामुळें त्या घरास लोक धूमकेतूंचें घर म्हणूं लागले. अर्थात् धूमकेतु आपण होऊन कोणाच्या दुर्बिणींत येत नाहींत. त्यासाठीं रात्रीमागून रात्र आकाशाचा कोपरा न् कोपरा झाडावा लागतो.

ह्या कीर्तीमुळें १८८३ सालीं नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानें त्याला शिष्यवृत्ति देऊन तेथील लहानशी वेधशाळा त्याच्या स्वाधीन केली. वयाच्या सव्विसाव्या वर्षांत असलेला हा संसारी गृहस्थ आपल्याहून किती तरी लहान मुलांच्या पंक्तीस जाऊन बसला, आणि १८८७ पर्यंत तेथें राहून न्यूकमनें सांगितलेलें गणित त्यानें पुरें केलें. बार्नार्ड दोनच महिने शाळेंत गेला हें वाचून कोणा विद्यार्थ्यास शाळेचा कंटाळा करण्यास निमित्त सांपडूं नये, म्हणून आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगत आहों. शाळा चुकली ह्याची खंत त्याला होती, आणि संधि मिळतांच त्यानें ती भरून काढली.

१८८८ सालीं कॅलिफोर्नियांत हॅमिल्टन डोंगरावर लिक वेधशाळा उघडली. तेथील छत्तीस इंची दुर्बीण त्या वेळीं जगांतील भिंगांच्या दुर्बिणींत सर्वांत मोठी होती. बार्नार्डला तेथें जागा मिळाली. परंतु ती मोठी दुर्बीण त्याच्या वांट्यास कांहीं वर्षें आली नाहीं. ह्या अडचणींतूनच त्याचें खरें काम जन्मास आलें. वेधशाळेंत एक जुनें भिंग होतें. तें सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका छायाचित्रकाराकडून विकत आणिलेलें, माणसांच्या तसबिरी काढण्याचें, सहा इंची भिंग होतें. मोठ्या दुर्बिणींतून आकाशाचा सुईच्या छिद्राएवढा तुकडा दिसतो. तसबिरीच्या भिंगांतून मात्र आकाशाचा मोठा विस्तार एकाच प्लेटवर उतरतो, आणि फिकट पसरट प्रकाशही त्यांत ठळक उमटतो. मोठ्या शास्त्रज्ञांनीं ज्या भिंगाकडे ढुंकूनही पाहिलें नसतें, त्याची किंमत फोटोच्या दुकानांत वाढलेल्या ह्या मनुष्यानें ओळखली.

आकाशाचें असें छायाचित्र कसें घेतात, तें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. कांचेच्या प्लेटवर रुप्याच्या क्षाराचा पातळ लेप दिलेला असतो. आपला डोळा क्षणोक्षणीं नवें पाहतो आणि जुनें विसरतो. प्लेट मात्र कांहीं विसरत नाहीं. तिच्यावर पडलेला प्रकाश सांचत जातो, आणि तासाभरांत, दोन तासांत जे तारे डोळ्यास कधींच दिसावयाचे नाहींत, ते तिच्यावर उमटतात. परंतु पृथ्वी फिरत असल्यामुळें आकाश सारखें सरकत असतें. घड्याळासारखें यंत्र कॅमेऱ्यास ताऱ्यांमागोमाग फिरवितें खरें, पण तें पुरतें अचूक नसतें. म्हणून शेजारीं जोडलेल्या लहान दुर्बिणींतून एका ताऱ्यावर दृष्टि ठेवावी, तो दोन तारांच्या फुलीवरून केसभर हलला तर स्क्रू फिरवून त्याला परत जागीं आणावें, आणि हें तीन तीन, चार चार तास, पापणी जड होऊं न देतां करावें, तेव्हां एक प्लेट पदरांत पडे. मधें एकदां डुलकी लागली, तर सारे तारे रेघोट्या होऊन जात व रात्र फुकट जाई.

१८८९ च्या उन्हाळ्यांत बार्नार्डनें धनु राशींतील आकाशगंगेचीं छायाचित्रें घेतलीं. आकाशगंगा म्हणजे असंख्य तारे हें गॅलिलिओच्या काळापासून ठाऊक होतें. पण तिच्यांतील ताऱ्यांचे पुंजके, लाटा, आणि त्यांच्यामधून गेलेल्या काळ्या वाटा ह्यांचें खरें स्वरूप इतक्या स्पष्टपणें प्रथमच दिसूं लागलें. पुढें १८९२ सालीं आठवड्यांतील एक रात्र मोठी दुर्बीण त्याला मिळूं लागली, तेव्हां ता. ९ सप्टेंबर रोजीं त्यानें गुरूचा पांचवा चंद्र शोधून काढिला. १६१० सालीं गॅलिलिओनें चार चंद्र पाहिल्यानंतर २८२ वर्षांत गुरूचा नवा चंद्र कोणासही सांपडला नव्हता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत प्लेटवरून धूमकेतु शोधण्याचा पहिला मानही त्यालाच मिळाला. जग त्याला ओळखूं लागलें. परंतु वेधशाळेच्या चालकाशीं त्याचें जमेना, आणि आकाशगंगेचीं चित्रें ग्रंथरूपानें निघण्यासही विलंब होत होता. तीं शेवटीं १९१३ सालीं प्रसिद्ध झालीं! १८९५ सालीं लिक सोडून तो शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेंत गेला व मरेपर्यंत तेथेंच राहिला.

यर्किस येथील चाळीस इंची दुर्बीण हातीं येतांच एक मोठा प्रसंग ओढवला. ह्या दुर्बिणीची जमीन वर-खालीं होण्याजोगी केलेली होती. ता. २९ मे १८९७ रोजीं सकाळीं ती जमीन एका बाजूनें कोसळली. अवघ्या कांहीं तासांपूर्वीं बार्नार्ड तिच्यावर उभा राहून वेध घेत होता. दुर्बिणीस इजा झाली नाहीं, आणि दुरुस्ती होतांच हा गृहस्थ पुनः त्याच जागीं जाऊन उभा राहिला. विस्कॉन्सिनच्या हिंवाळ्यांत रात्री बर्फाहून किती तरी अंश थंड असत, आणि घुमटाची फट उघडी असल्यामुळें शेकोटीही पेटवितां येत नसे. तरी स्वच्छ रात्र त्यानें सहसा वायां दवडली नाहीं. ढगांशीं मात्र त्याचें जन्माचें वैर होतें. १९०१ च्या मे महिन्यांत सूर्याचें खग्रास ग्रहण पाहण्यासाठीं तो अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून सुमात्रा बेटास गेला, आणि नेमकें ग्रहणाच्या वेळीं ढगांनीं आकाश झांकून टाकिलें.

आकाशगंगेच्या कामासाठीं त्याला स्वतंत्र कॅमेरा हवा होता. कॅथरीन वुल्फ ब्रूस ह्या उदार बाईंनीं १८९७ सालीं त्यासाठीं सात हजार डॉलर दिले. मनाजोगें भिंग मिळण्यास बार्नार्डनें सात वर्षें वाट पाहिली. १९०४ सालीं दहा इंची भिंगाचा हा कॅमेरा तयार झाला. परंतु उत्तरेकडील विस्कॉन्सिनमधून वृश्चिक आणि धनु ह्या राशी क्षितिजाजवळ, धुक्यांतच राहत. म्हणून १९०५ च्या आरंभीं कॅमेरा खोलून तो दक्षिण कॅलिफोर्नियांतील विल्सन डोंगरावर नेण्यांत आला. तेथें सप्टेंबरपर्यंत राहून बार्नार्डनें जीं छायाचित्रें घेतलीं, तींच त्याच्या आयुष्याची खरी कमाई होय. आमच्या वाचकांस हें सांगावयास हरकत नाहीं कीं, ज्या राशींसाठीं त्यानें एवढा खटाटोप केला, त्या आपल्या महाराष्ट्रांत विल्सन डोंगराहूनही अधिक उंच चढतात.

आतां त्या काळ्या डागांच्या प्रश्नाकडे वळूं. अठराव्या शतकांत विल्यम हर्शेलनें वृश्चिक राशींतील असा एक डाग पाहिला, तेव्हां त्याला तें आकाशाचें भगदाडच वाटलें. पुढें शंभर वर्षें बहुतेकांची समजूत तीच होती. बार्नार्डही आरंभीं त्यांना छिद्रें आणि पोकळ जागा म्हणत असे. कांहीं जाणते लोक, त्यांत इंग्लंडांतील आर्थर रॅनयार्ड हे एक, १८९४ च्या सुमारास निराळें बोलूं लागले. त्यांचें म्हणणें असें कीं, ताऱ्यांचा थर फार खोल आहे. त्यांतून आरपार दिसावयाचें, तर छिद्र म्हणजे एक लांबच लांब बोगदा असला पाहिजे, आणि त्याचें तोंड नेमकें पृथ्वीकडे असलें पाहिजे. असा एखादा बोगदा योगायोगानें असूं शकेल. पण शेंकडों बोगद्यांचीं तोंडें आपल्याकडेच कशीं वळलेलीं असतील? त्यापेक्षां ताऱ्यांच्या अलीकडे कसला तरी अपारदर्शक पदार्थ पसरला आहे, असें मानणें सोपें.

युक्तिवाद बिनतोड होता. परंतु बार्नार्ड युक्तिवादावर संतुष्ट होणारा नव्हता. डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज त्याला निर्णय देववेना, आणि ह्या संकोचांत त्याचीं वीस वर्षें गेलीं. ज्येष्ठेच्या जवळ भुजंगधारी तारकासमूहांतील रो नांवाच्या ताऱ्याभोंवतीं एक मोठा तेजोमेघ आहे. त्याचें छायाचित्र त्यानें पुनः पुनः घेतलें. त्यांत तेजस्वी मेघ कडेकडेला फिका होत होत, कोठेंही खंड न पडतां, काळ्या ओहोळांत मिसळून गेलेला दिसे, आणि मेघ जेथें पसरला आहे तेथें मागचे बारीक तारे एकाएकीं विरळ होत. जो पदार्थ ताऱ्याजवळ उजळलेला आहे, तोच ताऱ्यांपासून दूर अंधारा राहून पाठीमागचा प्रकाश अडवीत असावा, हें अनुमान त्याच्या मनांत बळावत चाललें.

१९१३ च्या उन्हाळ्यांतील एका निरभ्र, चांदणें नसलेल्या रात्रीं तो धनु राशीच्या बाजूस पाहत असतां पृथ्वीवरचेच कांहीं लहान लहान ढग आकाशगंगेच्या उजळ भागापुढून जाऊं लागले. ते ढग प्रकाशित नव्हते. म्हणून ते पांढरे न दिसतां शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत होते, आणि त्याच्या प्लेटांवरील डागांशीं त्यांचें विलक्षण साम्य होतें. ज्या ढगांनीं त्याच्या किती तरी रात्री बुडविल्या, त्यांनींच एका रात्रीं त्याला उत्तर आणून दिलें! एका साम्यावरून सिद्धान्त ठरत नाहीं, हें तो जाणत होता. आणखी सहा वर्षें पडताळा पाहून १९१९ सालीं त्यानें अशा १८२ काळ्या डागांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यांतील पुष्कळ डाग हीं छिद्रें नसून खरोखरीचे मेघ आहेत, असें आपलें मत नमूद केलें. मृगाच्या पोटांतील बाणाच्या शेवटच्या ताऱ्याजवळ घोड्याच्या डोक्यासारखा जो प्रसिद्ध काळा मेघ आहे, तो विल्यमिना फ्लेमिंग ह्या बाईंनीं १८८८ सालीं हार्वर्डच्या एका प्लेटवर प्रथम पाहिला होता. बार्नार्डच्या यादींत त्याचा क्रमांक ३३ आहे.

ह्या मधल्या काळांत, १९१६ सालीं, आकाशांत सर्वांत जलद सरकतांना दिसणारा तारा त्यानें शोधला. तो आपल्यापासून सुमारें सहा प्रकाशवर्षें दूर असून बार्नार्डच्याच नांवानें प्रसिद्ध आहे. परंतु शरीर आतां साथ देईना. १९१४ सालीं मधुमेह जडला आणि कांहीं काळ वैद्यांनीं दुर्बिणीस हात लावूं दिला नाहीं. १९२१ सालीं पत्नी वारली. आकाशगंगेच्या निवडक छायाचित्रांचा ग्रंथ पुरा करणें एवढी एकच आस उरली होती. छापखान्याच्या शाईनें ते बारीक प्रकाशभेद नीट उतरत नाहींत, म्हणून ग्रंथाच्या सातशें प्रतींत प्रत्यक्ष छायाचित्रेंच चिकटवावीं असें त्यानें ठरविलें. असे एकंदर पस्तीस हजारांहून अधिक छापे झाले. आणि ते सर्व त्यानें स्वतः एकेक करून तपासले. परंतु ग्रंथ हातीं पाहण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें. ता. ६ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्याचा अंत झाला. राहिलेलें काम त्याच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट आणि वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट ह्यांनीं उचललें. फ्रॉस्ट ह्यांची दृष्टि त्या वेळीं जवळजवळ गेलेली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या निष्ठेचें मोल कळतें. १९२७ सालीं ग्रंथ बाहेर पडला. त्यांत काळ्या मेघांची संख्या ३४९ झाली होती.

बार्नार्डच्या मृत्यूनंतर त्याच्या मताची सत्यता पूर्णपणें सिद्ध झाली. १९३० सालीं रॉबर्ट ट्रंप्लरनें दाखविलें कीं, ताऱ्यांमधील अवकाश अगदीं स्वच्छ नसून त्यांत सर्वत्र विरळ धूळ आहे व तिच्यामुळें दूरचे तारे मंद आणि तांबूस दिसतात. धुळीचे हे कण धुराच्या कणांएवढे बारीक असतात, आणि मेघांत धूळ शंभरांत एखादाच भाग, बाकी सारा वायु असतो. धुळीच्या आडोशानें आंतला वायु अतिशय थंड, म्हणजे शून्याखालीं सुमारें २६० अंशांपर्यंत थंड राहतो, आणि थंड वायूस स्वतःच्या भारानें आंत कोसळण्यास अडथळा कमी पडतो. असा तो दाटत दाटत गेला म्हणजे त्याच्या गाभ्यांत तारा जन्मास येतो. बार्ट बॉकनें १९४७ सालीं असें सुचविलें कीं, लहान गोल काळे मेघ हीं ताऱ्यांच्या जन्माचीं स्थानें असावींत. पुढील वेधांनीं तें खरें ठरविलें. ज्या जागा शून्य, ओसाड म्हणून मानल्या गेल्या होत्या, त्याच आकाशांतील सर्वांत भरलेल्या जागा निघाल्या!

बार्नार्डच्या यादींतील ६८ क्रमांकाचा मेघ सुमारें अर्ध्या प्रकाशवर्षाएवढा रुंद आहे. त्याच्या आरपार येणाऱ्या अवरक्त किरणांचे वेध घेऊन २००१ सालीं त्याचें वजनही करण्यांत आलें. तें आपल्या सूर्याच्या सुमारें दुप्पट भरलें. आणि ता. १२ जुलै २०२३ रोजीं जेम्स वेब ह्या अवकाशांतील दुर्बिणीनें आपल्या कार्याच्या पहिल्या वर्षाच्या पूर्तीनिमित्त जें चित्र प्रसिद्ध केलें, तें त्याच रो ताऱ्याजवळच्या मेघाचें होतें. सुमारें ३९० प्रकाशवर्षें दूर असलेल्या त्या मेघाच्या एका लहानशा तुकड्यांत सुमारें पन्नास कोवळे तारे दिसले. बार्नार्डनें तुकड्यातुकड्यांनीं जागून काढिलेल्या रात्रींत ज्या काळ्या पडद्याचें चित्र घेतलें, त्या पडद्याआड पाळणे हलत होते, हें त्याला मात्र कळलें नाहीं.

तें न कळल्यानें त्याचें काम उणें ठरत नाहीं. त्यानें आपणांस दिसलें तेवढेंच सांगितलें, दिसलें नाहीं तें सांगण्याची घाई केली नाहीं, आणि जें दिसलें तें पुढच्या पिढीस तपासतां यावें म्हणून कांचेवर जपून ठेविलें. ज्या घरीं आज मूल शिकत आहे, पण शिकविण्यास पैसा पुरत नाहीं, त्या घरच्या आईबापांनीं मेणाचीं फुलें विकून मुलास वाचावयास शिकविणारी ती आई आठवावी. आणि विद्यार्थ्यांनीं पुढच्या वैशाखांत, आकाश निरभ्र असतां, ज्येष्ठा ताऱ्याच्या किंचित् वरच्या बाजूस दृष्टि लावावी. तेथें डोळ्यास विशेष कांहीं दिसणार नाहीं; परंतु तेथें कांहींच नाहीं असें मात्र त्यांनीं समजूं नये.